आकडा की आकड्याचे चित्र?

वाडीतील जुने वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. वाडा उतरला की माळ्यावरची पेटी खाली येते, पेटीतून खारव्याच्या रुमालात बांधलेली दप्तरे निघतात आणि घरातील मंडळी आपल्या मंडळाकडे विचारणा करतात, 'याचे काय करावे?' अलीकडे या प्रश्नाला एक सोयीस्कर उत्तर सापडले आहे. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, ते संगणकात साठवावे आणि मूळ कागदांचा भार हलका करावा. मागील बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हा विचार अधिक नेमकेपणाने मांडला. पत्रे, यादी, वंशावळी यांचे मोडीतून बाळबोधीत लिप्यंतर करावे. हिशेबाच्या कीर्दी-खतावण्यांवर मात्र श्रम खर्ची घालू नयेत, त्यांची छायाचित्रे पुरेशी आहेत, असे त्यांचे म्हणणे. 'तूप-तांदळाचे भाव वाचून कोणाला काय मिळणार?' असा त्यांचा सवाल होता, आणि त्यावर बऱ्याच माना डोलल्या.

सदस्यमहोदयांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांचे मत मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सविस्तर सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे. छायाचित्रातील आकडा हा आकडा नव्हे, ते आकड्याचे चित्र होय. ज्याची बेरीज करता येते तो आकडा. आपल्या पूर्वजांची अंकलेखनपद्धती ही चालती पद्धती होती, कारकुनाच्या हातात ती रोज चालत असे. तिला आजच्या यंत्रातही चालती करणे शक्य आहे, फारसे कठीण नाही, आणि जोवर आपण ते करीत नाही तोवर दप्तरे 'जतन केली' असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आधी ही पद्धती काय होती ते पाहू. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पै १९२. आम्ही स्वतः नव्या पैशाच्या काळातले. तरी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी आजोबांनी पाठ करून घेतली होती. तेव्हा ते छळ वाटे. जुन्या कीर्दी उघडल्यावर कळले की तो त्या कागदांचा किल्लीजुडगा होता.

कीर्दीत रुपयांचा पूर्ण आकडा लिहून त्याच्या उजवीकडे उभे दंड येतात. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दंडांनंतर आडव्या रेघा येतात. एक रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. त्यामुळे ५॥= असे लिहिले की पाच रुपये आठ आणे अधिक दोन आणे, म्हणजे पाच रुपये दहा आणे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर किमती याच चिन्हांत छापलेल्या असत. तीच चिन्हे शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याच्या चोपड्यातही होती, आणि हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

या लेखनात शून्याची गरज पडत नाही, छेद लिहावा लागत नाही, आणि हातचा घेण्याचा नियम तर एका श्वासात सांगता येतो. चौथी आडवी रेघ आली की तिचा एक उभा दंड, चौथा दंड आला की त्याचा एक रुपया. इतका साधा नियम असल्यामुळेच बडोद्याच्या खासगीपासून वाडीतील किराणा दुकानापर्यंत कोणीही तो चालवू शके. आमची नोकरी राज्य सरकारच्या हिशेबांत गेली. लेखापरीक्षणात आम्ही अनेक पद्धती पाहिल्या, परंतु लिहिण्याची रीत आणि बेरजेची रीत इतकी एकरूप झालेली दुसरी पद्धती आमच्या पाहण्यात नाही.

आता यंत्राकडे वळू. गणिताची कागदावरची लिपी यंत्राला समजावी ही खटपट आपल्यापुरती नाही, ती संगणकाइतकीच जुनी आहे. १९५७ साली, म्हणजे आपल्याकडे आणे गेले त्याच वर्षी, अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोरट्रान' ही भाषा दिली. 'सूत्राचे भाषांतर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच तिचे नाव पडले आहे. पण भाषांतर करताना मूळ सूत्राला बरेच वाकावे लागले. छिद्रपत्रांवर वर्गाचा छोटा दोन अक्षराच्या डोक्यावर बसवता येईना, म्हणून दोन तारका लिहून वर्ग दाखवावा लागला. बरोबरीचे चिन्ह 'दोन्ही बाजू समान' या अर्थाऐवजी 'उजवीकडचे डावीकडे ठेव' असा हुकूम देऊ लागले. गणिताने यंत्रापुढे पगडी उतरवली ती गणिताच्या गरजेने नव्हे, टंकनयंत्राच्या गरिबीने.

उलट दिशेने गेला तो केनेथ आयव्हर्सन. हा मूळचा कॅनडाचा गणिती. हार्वर्डमध्ये शिकवताना फळ्यावर लिहिण्यासाठी त्याने स्वतःची चिन्हलिपी रचली. १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे त्याच दशकात ती यंत्रावर चालू लागली. तीच 'एपीएल'. तिच्यासाठी कळफलकावर वेगळी चिन्हे बसवावी लागली, टंकनाचा गोळा वेगळा घडवावा लागला. लोकांनी ते केले. १९७९ साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना आयव्हर्सनने जे व्याख्यान दिले त्याचा विषयच होता, चिन्हलिपी हे विचाराचे हत्यार असते. त्याने किंमतही मोजली. 'आधी गुणाकार, मग बेरीज' हा शाळेतला क्रम त्याने सोडून दिला. एपीएलमध्ये उजवीकडून डावीकडे सरळ चालायचे, त्यामुळे तीन गुणिले दोन अधिक चार याचे उत्तर दहा येत नाही, अठरा येते. कागदावरच्या लिपीत ज्या गोष्टी वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेल्या असतात त्या यंत्रासाठी एकदा कायमच्या ठरवाव्या लागतात. आजच्या काही भाषा याहून सौम्य आहेत. २०१२ साली जगापुढे आलेल्या 'ज्युलिया' या भाषेत वर्गमुळाचे चिन्ह वर्गमुळाचेच काम करते, आणि अक्षराला चिकटून आकडा लिहिला की तो गुणाकार समजला जातो, शाळेतल्या बीजगणितासारखा.

हे सर्व इतरांनी इतरांच्या लिपीसाठी केले. आपल्या लिपीची स्थिती काय? येथे एक सुखद आणि एक लाजिरवाणी अशा दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

सुखद गोष्ट अशी की जगातील सर्व लिप्यांची चिन्हे संगणकासाठी क्रमांकबद्ध करणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत आपल्या पाव-अर्धा-पाऊणच्या चिन्हांना २००९ सालीच जागा मिळाली आहे. अंशुमन पांडे या अभ्यासकाने त्यांचा प्रस्ताव केला होता, आणि पुढे २०१४ साली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली तीही त्यांच्याच प्रस्तावावरून. पाव, अर्धा, पाऊण ही तीन चिन्हे, आणि एक-षोडशांश, एक-अष्टमांश, तीन-षोडशांश ही आणखी तीन. म्हणजे आपले एक, दोन आणि तीन आणे. त्यांच्यापुढे त्यांचे मूल्यही नोंदलेले आहे. यंत्राला अर्ध्याचे चिन्ह दाखवून 'याची किंमत किती?' असे विचारले तर ते 'अर्धा' असे उत्तर देते. आणि ही चिन्हे मराठीच्या खात्यात नाहीत, गुजरातीच्याही नाहीत. 'सामाईक भारतीय अंकरूपे' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली ती ठेवली आहेत. वाडीतल्या मराठी घराचे आणि मांडवीतल्या गुजराती पेढीचे चिन्ह एकच होते हे जगाने मान्य केले. आपण मात्र अजून 'आमचे की तुमचे' यात अडकलो आहोत.

आता लाजिरवाणी गोष्ट. आपल्याकडे जी थोडी लिप्यंतरे होतात त्यांत कोणीही ही चिन्हे वापरीत नाही. टंकलेखक कळफलकावरचा दंड दाबतो. पण तो दंड श्लोकाच्या अर्ध्याअखेरीचा आणि दुहेरी दंड श्लोकाच्या अखेरीचा. दिसायला तसाच, यंत्राच्या लेखी विरामचिन्ह. त्यामुळे आपण ज्याला पाच रुपये दहा आणे म्हणतो ते यंत्र असे वाचते: पाच, श्लोक संपला, बरोबर. आजोबांच्या उधारीचा असा श्लोक आपण करून ठेवतो आणि त्याला जतन म्हणतो. (या लेखातही मुद्रणाच्या अडचणीमुळे दंडच छापले आहेत, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.)

अंकांचेही तसेच. पायथन ही आज शाळा-महाविद्यालयांत शिकवली जाणारी भाषा घ्या. अवतरणचिन्हांत '१२५' असे देवनागरी अंक लिहून 'याची संख्या कर' असे सांगितले तर ती निमूटपणे एकशे पंचवीस करते. गुजराती अंक दिले तरी करते, मोडी अंक दिले तरी करते. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना 'रुपये', 'आणे', 'व्याज' अशी नावे देवनागरीत देता येतात. पण आज्ञावलीच्या ओळीत अवतरणचिन्हांवाचून १२५ असे देवनागरीत लिहिले की तीच भाषा 'हे अक्षर अवैध आहे' म्हणून अडून बसते. म्हणजे आपला आकडा माल म्हणून चालतो, मालक म्हणून चालत नाही. हे निसर्गनियमाने घडलेले नाही. पूर्वी पर्ल-६ आणि २०१९ पासून राकू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषेत देवनागरी अंक थेट ओळीत लिहून बेरीज करता येते. एका भाषेच्या कर्त्यांनी दार उघडे ठेवले, दुसरीच्या कर्त्यांनी अर्धे लावले, एवढाच फरक. दार कोणी ठोठावलेच नाही तर ते उघडणार तरी कोण?

आता सदस्यमहोदयांच्या सवालाकडे येऊ. तूप-तांदळाच्या भावांतून काय मिळणार? आम्ही एक छोटा प्रयोग केला. घरच्या कीर्दीतील एक पान घेतले आणि संगणकशास्त्र शिकलेल्या भाच्याला शेजारी बसवले. त्याला पावकी येत नव्हती, आम्हांला आज्ञावली लिहिता येत नव्हती. तासाभरात दोघांनी मिळून चाळीसेक ओळींची आज्ञावली केली. तिने दंड आणि रेघा वाचायच्या, आणे करायचे, बेरीज करून पुन्हा दंड-रेघांत मांडायची. नोंदी अशा वाचल्या. तूप ४॥=, तांदूळ ७।-, जळण २॥=. यंत्राने बेरीज दिली १४॥-. पानाच्या तळाशी कारकुनाने लिहिली होती १४॥।-. फरक चार आण्यांचा.

भाचा म्हणाला, 'मामा, तुमच्या कारकुनाची बेरीज चुकली.' आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. पण फरक नेमका एका दंडाचा होता, म्हणून भिंग घेऊन पुन्हा पाहिले. जळणाच्या नोंदीत तिसरा दंड फिकट पडला होता, ती २॥।= होती. दहा, पाच आणि चौदा मिळून एकोणतीस आणे, म्हणजे एक रुपया तेरा आणे. त्यात चार, सात आणि दोन असे तेरा रुपये मिळवले की चौदा रुपये तेरा आणे. कारकून बरोबर होता, आम्ही चुकलो होतो. शतकाहून अधिक काळापूर्वी वारलेल्या एका माणसाने आमचे वाचन तपासून दिले.

वाचकांनी येथे थोडे थांबावे, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. जुन्या पत्राचे लिप्यंतर चुकले तर ते चुकले हे सांगणारे त्या पत्रात काहीच नसते. 'गेले' चे 'केले' वाचले तरी वाक्य उभे राहते, आणि चूक छापून अजरामर होते. हिशेबाच्या पानाचे तसे नाही. त्याच्या तळाशी बेरीज आहे, पुढच्या पानाच्या डोक्यावर मागील बेरीज आहे, वर्षाअखेर शिल्लक आहे. आपल्या पूर्वजांनी याला फार सुंदर शब्द दिला आहे, 'ताळा'. जे कागद आम्ही सर्वांत क्षुल्लक म्हणून बाजूला काढतो आहोत, तेच आपले वाचन बरोबर की चूक हे स्वतः सांगू शकणारे एकमेव कागद आहेत. अट एवढीच, की त्यांतले आकडे चालले पाहिजेत.

ही अट आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. हस्तलिखित वाचणारी यंत्रे आता आली आहेत. मोडीही ती वाचू लागतील. पण ही यंत्रे अंदाज बांधतात आणि चुकीचा अंदाजही बरोबर अंदाजाइतक्याच आत्मविश्वासाने सांगतात. त्यांच्या हाती हजारो पाने दिली तर ती तपासणार कोण? मोडी जाणणारे आपल्यात आता किती उरले आहेत, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. बेरजेचा ताळा मात्र थकत नाही, निवृत्त होत नाही. ज्या पानाचा ताळा जमला ते बाजूला ठेवावे, ज्याचा जमला नाही तेवढेच पान जाणत्यापुढे ठेवावे. जाणत्यांचे थोडे दिवस असे पुरवून वापरता येतील.

या ठिकाणी एका वेगळ्या गोटातील मंडळींशीही दोन शब्द बोलणे भाग आहे. हिशेबाच्या कागदांना तुच्छ लेखणारे एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला 'संगणकाला सर्वांत योग्य भाषा संस्कृतच, असे नासाने सांगितले आहे' असे दर समारंभात सांगणारे. १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. वाक्याचा अर्थ निःसंदिग्धपणे मांडण्याची आपल्या वैयाकरणांची रीत आणि यंत्रात ज्ञान मांडण्याची नवी रीत यांत त्याने साम्य दाखवले होते. लेख चांगलाच होता. पण त्या एका लेखावर चाळीस वर्षे आपण अभिमान पोसला आणि काम मात्र केले नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती रचली. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना या, का, नी अशी आद्याक्षरे आहेत, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब आहे, समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडल्या आहेत. ती पूर्ण विकसित चिन्हलिपी होती. आज तिचे आपण गोडवे गातो, तिच्यात एक उदाहरण सोडवून दाखवा म्हटले तर सभागृह गप्प होते. पूजेला लावलेली लिपी आणि रद्दीला घातलेली लिपी यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही चालत नाहीत.

हाच मोह आमच्या विषयातही होऊ शकतो, म्हणून आम्हीच सावध करतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो, अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा अशा भागांत. आपले पाव, अर्धा, आणा हेही अर्ध्याचे अर्धे. त्यामुळे ५॥= ही रक्कम यंत्राच्या पोटात तंतोतंत बसते. उलट दशमान पद्धतीतील दहा पैसे, म्हणजे एक-दशांश, द्विमानात कधीच संपत नाही, जसा एक-तृतीयांश दशमानात संपत नाही. म्हणून बहुतेक संगणकभाषांत एक-दशांश आणि दोन-दशांश यांची साधी बेरीज केली तर सतराव्या दशांशस्थळी एक अनाहूत चार येऊन बसतो. यावरून 'पूर्वजांना संगणक माहीत होता' असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागेल तर आम्ही खालून विरोध करू. पूर्वजांना भाकरी अर्धी करणे माहीत होते, एवढेच. शिवाय पै ही आण्याचा बारावा भाग, म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा. तीत तिनाचा भाग असल्याने तीही द्विमानात बसत नाही. तेथे यंत्राला अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवायला सांगावे लागते, आणि तशी सोय पायथनसारख्या भाषांत आहे.

अडचणी आहेत, त्या आम्ही लपवत नाही. एकच दुहेरी दंड रुपयाच्या खात्यात आठ आणे होतो आणि चाळीस शेरी मणाच्या खात्यात वीस शेर. चिन्ह 'अर्धा' एवढेच सांगते, कशाचा अर्धा हे सदराच्या डोक्यावर लिहिलेले असते. आपल्या बोलीतही तसेच आहे. 'सव्वा' हा शब्द एकटा असला तर सव्वा, 'शे' जोडले की एकशे पंचवीस, 'हजार' जोडले की साडेबाराशे. मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही, यंत्राला सांगावे लागते. बडोद्यात तर आणखी एक पेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे बाबाशाई रुपया चालत असे, आणि तो ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा नव्हता. त्यामुळे 'रुपया' असे वाचले म्हणजे वाचन संपले असे नाही, कोणता रुपया हेही नोंदले पाहिजे. पण यांतील एकही अडचण अशी नाही की जी जुना कारकून रोज सोडवत नव्हता. त्याच्या डोक्यातले नियम एकदा लिहून काढायचे आहेत. ते सांगू शकणारी पिढी अजून, थोडी का होईना, आपल्यात आहे.

'पण हे सरकारने करावे, विद्यापीठाने करावे' असे म्हटले जाईल. आम्ही सरकारात आयुष्य काढले आहे; सरकार काय करते आणि किती दिवसांत करते हे आम्हांला कोणी शिकवू नये. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध करविला तेव्हा त्यांनी राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांतून गोळा करून शेजारी शेजारी मांडले, ते संग्रहालयात ठेवण्यासाठी नव्हे, कचेरीत वापरण्यासाठी. त्यांच्या नगरीत राहून 'जुने ते जपून ठेवावे' एवढाच धडा आपण घेतला असेल तर तो अर्धाच घेतला.

छायाचित्रांचा फोलपणा तर आपण आपल्याच घरात अनुभवला आहे. २००० सालच्या आसपास आपल्या या त्रैमासिकाचे अंक ज्या टंकांत जुळवले जात, ते टंक म्हणजे रोमन अक्षरांवर चढवलेले देवनागरी मुखवटे होते. आज ते टंक कोणाच्या यंत्रावर नाहीत. जुन्या फिती उघडल्या तर आपल्याच लेखांच्या जागी रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. दिसणे म्हणजे असणे नव्हे, हा धडा एकदा शिकून झाला आहे. तोच पुन्हा मोल देऊन शिकण्याचे कारण नाही.

म्हणून आमच्या मंडळापुढे चार मागण्या आहेत. पहिली, ज्या पानाचा ताळा जमलेला नाही त्याचे मूळ कागद कोणत्याही कारणाने रद्दीत जाऊ नयेत. दुसरी, हिशेबाचे लिप्यंतर करताना दंडाऐवजी पाव-अर्ध्याची खरी चिन्हे वापरावीत, आणि प्रत्येक सदराचे एकक, रुपया कोणता आणि मण किती शेरांचा यासह, नोंदवावे. तिसरी, मंडळाने प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक हिशेबी पानाखाली 'ताळा जमला' किंवा 'ताळा जमला नाही' असे स्पष्ट लिहावे. न जमल्याची लाज वाटू नये, न तपासल्याची वाटावी. चौथी, या कामासाठी उजळणी येणारा एक ज्येष्ठ आणि आज्ञावली लिहिणारा एक तरुण अशा जोड्या बसवाव्यात. ज्या घरांत आजोबा-नातवंडांना एकमेकांशी बोलायला विषय उरलेला नाही, त्या घरांत निदान एक विषय होईल.

दिवाळीत चोपडापूजन करताना आता पुष्कळ दुकानांत चोपडीच्या जागी संगणक ठेवतात आणि त्याला कुंकू लावतात. त्यात आम्हांला काही गैर वाटत नाही. फक्त कुंकू लावण्याआधी त्यात आपला आकडा शिरला आहे का, एवढे पाहावे असे म्हणणे आहे.

आमच्या घरच्या दोन कीर्दी आणि भाच्याने लिहिलेली आज्ञावली पुढील बैठकीत घेऊन येत आहोत. ज्या सदस्यमहोदयांशी आम्ही वर भांडलो आहोत, त्यांनी आपल्या घरचे कोणतेही एक हिशेबी पान, हवे तेवढे फिकट, सोबत आणावे. त्यांच्या आजोबांची बेरीज त्यांच्यासमोर करून दाखवू. जमली नाही तर चूक कोणाची, आजोबांची, त्यांची की आमची, ते त्याच बैठकीत ठरेल.